मदत हवी आहे: रीफर (शीत) कंटेनरमधील द्राक्षे गोठली, भरपाईची नोटीस आमच्या नावावर

खाडीकाठ: वाशीत आमची छोटी फ्रेट फॉरवर्डिंग (इतरांचा माल पाठवण्याची व्यवस्था करणारी) कंपनी आहे. नाशिकच्या एका निर्यातदाराचा द्राक्षांचा कंटेनर आम्ही न्हावा शेव्याहून रॉटरडॅमला पाठवला. तिथे दार उघडले तेव्हा मणी गोठून काचेच्या गोट्यांसारखे झाले होते. आता निर्यातदाराने संपूर्ण मालाची किंमत आमच्याकडे मागितली आहे. जहाज आमचे नाही, कंटेनरही आमचा नाही, आम्ही केवळ मध्यस्थ आहोत. उत्तराला सात दिवसांची मुदत आहे, तेव्हा कृपया नेमके सांगा.

जुना_बंदरकर: मध्यस्थ म्हणजे नक्की कोण? निर्यातदाराच्या हातातील बिल ऑफ लेडिंग (माल वाहून नेण्याची पावती) कोणाच्या नावाचे आहे, आणि शिपिंग लाइनला, म्हणजे जहाज कंपनीला, तापमान कोणी कळवले?

खाडीकाठ: हाउस बिल, म्हणजे फॉरवर्डरने स्वतःच्या नावाने दिलेले बिल ऑफ लेडिंग, आमचेच; पॅकहाउसपासून (द्राक्षे पेट्यांत भरतात तिथून) रॉटरडॅमपर्यंतचे. तापमान आमच्या मुलाने लाइनच्या पोर्टलवर भरले. निर्यातदाराच्या मेलमध्ये उणे ०.५ होते, भरताना टिंब राहिले आणि उणे ५ गेले.

जुना_बंदरकर: साहेब, धाग्याची सुरुवात या टिंबापासून व्हायला हवी होती. स्वतःच्या नावाचे बिल दिल्यावर आपण मध्यस्थ राहत नाही. १९९३ च्या बहुविध वाहतूक कायद्यानुसार संपूर्ण प्रवासाची जबाबदारी आपल्यावर येते.

परवानाधारक: ग्राहकाचा आयईसी (आयात-निर्यात क्रमांक), जीएसटी क्रमांक आणि पत्ता तपासला होता का? कस्टम ब्रोकरांच्या (सीमाशुल्काचे काम करणाऱ्या परवानाधारक दलालांच्या) २०१८ च्या नियमांत ते बंधन आहे. माझ्या एका आयातदाराचा पत्ता खोटा निघाला आणि मला परवान्याबाबत नोटीस आली.

जुना_बंदरकर: इथे पत्ता खरा आहे, द्राक्षे गोठली आहेत.

अंधेरीवाला: एवढे घाबरू नका. त्याच १९९३ च्या कायद्यात भरपाईला मर्यादा आहे: किलोमागे २ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) किंवा नगामागे ६६६.६७ एसडीआर.

सर्व्हेअर_ताई: त्यापुढचे ‘यांपैकी जे जास्त असेल ते’ आपण गाळलेत. बिलावर पेट्यांची संख्या लिहिलेली असेल, तर प्रत्येक पेटी हा स्वतंत्र नग धरला जातो, आणि पाच किलो द्राक्षांच्या पेटीची किंमत त्या आकड्याच्या आसपासही जात नाही. म्हणजे ही मर्यादा खाडीकाठ यांच्या काहीच कामाची नाही.

अंधेरीवाला: मान्य, पण द्राक्षांच्या बुकिंगवर उणे ५ पाहून लाइनने विचारायला नको होते का?

सर्व्हेअर_ताई: लाइन लेखी सूचनेप्रमाणे यंत्र लावते. माल भरताना पॅकहाउसमध्ये डिस्प्ले कोणी वाचला, हा माझ्या मते अधिक उपयोगाचा प्रश्न आहे. संयुक्त सर्व्हे (सर्व पक्षांसमोर नुकसानीची पाहणी) झाला का? पेट्यांमधील डेटा लॉगर (तापमान नोंदवणारे यंत्र) कोणाकडे आहे?

खाडीकाठ: लॉगर रॉटरडॅमच्या खरेदीदाराकडे आहे. सर्व्हेचे माहीत नाही. आमची व्यावसायिक जबाबदारीची विमा पॉलिसी आहे, तिची मुदत ३१ मार्चला संपते.

विमेकरी: हे सुरुवातीलाच सांगायला हवे होते. अशा पॉलिसीत दावा बहुधा मुदतीच्या आतच कळवावा लागतो, म्हणून नूतनीकरणाची वाट पाहू नका. निर्यातदाराला आपण काही लिहून दिले आहे का?

खाडीकाठ: काल व्हॉट्सॲपवर ‘चूक आमची आहे, भरून देऊ’ इतकेच लिहिले. जुने संबंध आहेत.

विमेकरी: विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कबुली देऊ नये, ही अट आपल्या पॉलिसीत जवळजवळ नक्की असेल. आता तो संदेश पुसू नका, जसाच्या तसा त्यांच्याकडे पाठवा. निर्यातदाराचा माल विमा उतरवलेला असेल, तर त्याची विमा कंपनी त्याला पैसे देऊन त्याच्या जागी आपल्यावर येईल, आणि तिला जुन्या संबंधांशी काही देणेघेणे नसेल.

जुना_बंदरकर: खरेदीदाराच्या हाती माल आल्यापासून नऊ महिन्यांत दावा दाखल झाला नाही तर तो मुदतबाह्य होतो, तेव्हा माल ताब्यात घेतल्याची तारीख लेखी मिळवा. नोटिशीला उत्तर मात्र विमा कंपनीच्या वकिलाला दाखवूनच द्या.

खाडीकाठ: विमा कंपनीला आज दुपारी मेल केला. ताईंनी विचारले म्हणून ड्रायव्हरचा फोन तपासला, तर माल भरतानाचा फोटो सापडला. डिस्प्लेवर -५.० स्पष्ट दिसते आहे आणि शेजारी निर्यातदाराचा सुपरवायझर हातात सील घेऊन उभा आहे.

सर्व्हेअर_ताई: फोटो सील लावण्याआधीचा की नंतरचा? मूळ फाइल जपा, फॉरवर्ड केलेल्या प्रतीत फोटो घेतल्याची वेळ राहत नाही.