किटमधून चिलखत बनवून अंगावर चढवलंय का कधी? (अनुभव धागा)

बेसमेंटवाला

काल लेकाने शाळेतून चिठ्ठी आणली, ४ मेला, स्टार वॉर्स दिनाला, पालकांपैकी कुणी स्टार वॉर्सच्या पोशाखात येऊ शकेल का, आणि पठ्ठ्याने मला न विचारता परस्पर हो सांगून टाकलंय. म्हणून रात्री बेसमेंटमधली ट्रंक उघडली. वरच छातीचा भाग होता, उलटा ठेवलेला, आतल्या बाजूला माझ्याच अक्षरात पेन्सिलीने "इथे कापू नको", "डावी मांडी, मागची" असं काय काय लिहिलेलं. ते वाचत बसलो आणि झोपायला दीड वाजला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा १९७७ च्या पहिल्या सिनेमातला पांढरा स्टॉर्मट्रूपर, म्हणजे खलनायकांच्या फौजेतला शिपाई. किट म्हणतात त्याला पण त्यात तयार असं काहीच नसतं. मोठा तपकिरी खोका येतो, आत एबीएस प्लॅस्टिकचे पांढरे पत्रे, दीड-दोन मिलिमीटर जाडीचे, गरम करून साच्यावर टाकून खालून हवा ओढून घेतलेले. साच्यातून काढलेल्या करंजीला कडेने जास्तीचं पीठ असतं ना, तसं प्रत्येक तुकड्याला भरपूर कड असते आणि कातणं तुमच्या हातात. कुठवर कापायचं हे कुणी सांगत नाही, कारण ते तुमच्या दंडावर, पोटरीवर अवलंबून. हात, मांड्या, नडग्या सगळं पुढचं अर्ध मागचं अर्ध असं येतं, आधी अंगाला लावून बघायचं, मग कटरने रेघ मारायची, पुढेमागे वाकवायचं, टक्कन तुटतं. तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा पोटात गोळा आला होता.

माझी उंची साडेपाच फूट, आणि ते साचे सहा फुटी सडपातळ माणसांसाठी. नडग्या तशाच ठेवल्या तर गुडघा वाकत नाही, म्हणून वरून कापत आणायच्या. पोटाचं उलटं, पुढचा आणि मागचा भाग कडेला भेटायलाच तयार नाहीत, वरणभाताची कृपा. तिथे उरलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या जोडून भर घातली. कापलेलं फेकायचं नाही हे मला किटबरोबर आलेल्या कागदाने नाही, शेजारच्या म्हाताऱ्या गोऱ्याने सांगितलं. तो आयुष्यभर प्लंबर होता.

तर लिहा तुमचेही अनुभव. ट्रूपरच पाहिजे असं नाही, आयर्न मॅन, मँडलोरियन, फोमचं, पुठ्ठ्याचं, काहीही चालेल.

शेंगदाणा

प्रचि??? (फोटो हो)

नागपुरी_तडका

आमच्या धाकट्या भावाने थ्रीडी प्रिंट करून हेल्मेट बनवलं होतं, पीएलएचं, त्या मशीनमध्ये घालतात ते प्लॅस्टिक. एकेक तुकडा रात्र रात्र छापत होता, घरात सतत ती मशीन किर्रकिर्र, आई म्हणे बंद कर बे ते, झोप नाही लागत. मग घासणं, प्राइमर, परत घासणं, काय चकाचक दिसत होतं. कुणाला तरी दाखवायला नेलं आणि दुपारी गाडीत राहिलं. मे महिना. नागपूर. पीएलए साठ डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि काचा लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या पुढे जातो. वितळलं वगैरे नाही, फक्त डावा गाल खाली आला, दाढ काढून आल्यासारखा. अजून आहे शोकेसमध्ये. पाहुणे विचारतात हे काय, आई सांगते धाकट्याने केलंय. बाकी काही सांगत नाही :)

ऋता_क

एबीएस म्हणजे गाडीच्या ब्रेकचं असतं ते ना?

बेसमेंटवाला

नाही हो ऋता, हे प्लॅस्टिक. लेगोचे ठोकळे ज्याचे असतात तेच. उन्हात ठेवलं की पिवळं पडतं, म्हणून माझं ट्रंकेत.
@नागपुरी_तडका दाढ वाचून चहा सांडला.

थेम्सकाठची

मी बनवलेलं नाही, नवऱ्याने बनवलंय, मी फक्त पट्टे लावते. पण एक गंमत सांगते. त्या हेल्मेटवरून इथे ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत केस गेली होती माहितीये का? मूळ सिनेमाची हेल्मेटं ज्यांनी प्लॅस्टिकमध्ये काढली ते अँड्र्यू एन्सवर्थ, ट्विकनमचे, आमच्यापासून फार लांब नाही. त्यांनी नंतर स्वतःच बनवून विकायला सुरुवात केली, सिनेमावाल्या लुकासफिल्म कंपनीने दावा लावला. मुद्दा काय, तर हेल्मेट हे शिल्प आहे की नाही. शिल्प असेल तर कॉपीराइट लांबलचक. २०११ ला कोर्टाने सांगितलं की शिल्प नाही, कलाकृती म्हणायची तर तो सिनेमा, हेल्मेट त्यातली वापरायची वस्तू. आमच्याकडे दिवाणखान्यात ती वस्तू मी ठेवू देत नाही म्हटल्यावर नवरा म्हणाला अगं शिल्प आहे ते. मी त्याला निकाल वाचून दाखवला.

शेंगदाणा

हाहाहा थेम्सकाठची ताई __/\__

सव्वानऊची_लोकल

माझं फोमचं. मँडलोरियन, म्हणजे स्टार वॉर्समधलाच चिलखतवाला योद्धा, पण रंग माझे. बाहेरून किट मागवायचं म्हणजे डॉलर, शिपिंग, वर ड्युटी, परवडतच नाही, मग नेटवरून टेम्पलेट विकत घेतलं, एफोरवर प्रिंट मारून सेलोटेपने जोडलं आणि ईव्हीए फोमवर छापून कापलं. पाच मिमी अंगाला, दहा मिमी खांद्याला. सगळे परदेशी व्हिडिओ काँटॅक्ट सिमेंट काँटॅक्ट सिमेंट करत असतात, आपल्याकडे फेविबॉन्ड, चप्पल शिवणाऱ्या काकांकडे असतं तेच. दोन्ही बाजूंना लावायचं, हाताला चिकटेनासं झालं की मगच जोडायचं, घाई केली की गेलं. खिडकी उघडी ठेवा, डोकं गरगरतं. हीट गन फिरवली की फोमची छिद्रं बंद होतात आणि गुडघ्यावर दाबून धरलं की तो गोलाई पण धरतो. वरून पांढऱ्या फेविकॉलचे पातळ हात, म्हणजे स्प्रे पेंट फोममध्ये शोषला जात नाही.

बीकेसीला कॉमिक कॉनला घालून गेलो. म्हणजे घालून नाही, डोंबिवलीहून दादरपर्यंत दोन पिशव्यांत, आणि हेल्मेट डोक्यावर कारण पिशवीत मावेना. डब्यात एक काका सगळा वेळ बघत होते, मुलुंड गेल्यावर म्हणाले बाळा वेल्डिंगचं काम करतोस का. मी हो म्हणालो.

मधुमालती_काकू

मला त्या सिनेमातलं काही कळत नाही, मी कधी बघितला नाही, पण भाच्याचं ते पांढरं सगळं आमच्या घरी सदाशिव पेठेत झालं म्हणून लिहिते. त्याला हिंजवडीत भाड्याच्या खोलीत जागा नव्हती. खोका आला तेव्हा कुरियरवाला म्हणाला आजी बाथरूमचं काम काढलंय का. तर कापाकापी त्याची, पण अंगावर टिकणार कसं हा प्रश्न त्याने सोडवलेलाच नव्हता. इंग्लिशमध्ये काय काय नावं सांगत होता. मी म्हटलं अरे ही तर टिच बटणं. तुळशीबागेतून आणली, बोहरी आळीतून रुंद इलास्टिक आणलं, आणि मी शिवणकाम केलेलं आहे वीस-पंचवीस वर्षं, ब्लाउजला काख कुठे काचते ते मला कळतं. त्याने खांद्याचा पट्टा अगदी सरळ लावला होता. हात वर केला की सगळी छाती वर यायची आणि हनुवटीला लागायची. खांद्यावरून तिरका घेतला, मागे थोडा सैल सोडला, झालं काम. मानेभोवतीचं काळं घडीघडीचं पण मीच शिवलं, मागे चेन लावून. जोडकाम वाळेपर्यंत माझे सगळे कपड्यांचे चिमटे त्याच्या नडग्यांना, दोन-तीन दिवस कपडे गच्चीवर नुसते टाकलेले, वाऱ्याने एक परकर खालच्या जोशांकडे गेला.

बेसमेंटवाला

काकू, तुम्ही आधी भेटला असतात तर माझ्या हनुवटीवरची खूण टळली असती. खरंच सांगतो, तिरका पट्टा हे कुठल्या व्हिडिओत नाही बघितलं. आणि हे प्लॅस्टिक जोडायचा गोंद पूर्ण वाळायला चोवीस ते बहात्तर तास घेतो, त्यामुळे चिमटे तेवढे अडकणारच. मी लोहचुंबक वापरले, छोटे पण इतके ताकदीचे की दोन एकमेकांना भिडले की बोटाची कातडी मधे.

सव्वानऊची_लोकल

काकू भाच्याचा नंबर नको, तुमचा द्या :)

पडद्यामागे

वाचून वडिलांची आठवण आली. ते हौशी नाटकांना ड्रेपरीचं, म्हणजे कपडेपटाचं काम करायचे. ऐतिहासिक नाटक असलं की महिनाभर घरात चिलखतं. साखळीचं चिलखत खरं घालून कुणी दोन-तीन अंक बोलू शकणार नाही, म्हणून जाड सुताचं सैल विणायचं आणि त्यावर चंदेरी रंग, मग काळ्या रंगाचा हात फिरवून लगेच पुसायचा, खाचांत काळं राहतं, लांबून लोखंड दिसतं. शिरस्त्राण कागदाच्या लगद्याचं. एकदा सरदाराला घाम इतका आला की शिरस्त्राण मऊ पडून कपाळावर बसलं आणि प्रयोगानंतर निघेना. तुमच्या प्लॅस्टिकला ती भीती नाही पण घाम तर येत असेलच?

बेसमेंटवाला

घाम विचारू नका. आत अंगभर काळा घट्ट पोशाख, वर हवा न जाणारं प्लॅस्टिक. आणि हेल्मेटमध्ये श्वासाची वाफ हिरव्या काचेवर. कॉम्प्युटरचे छोटे पंखे बसवलेत मी, एक काचेवर एक तोंडावर. तरी पायाखालचं काही दिसत नाही, मान वाकवली तर हेल्मेट छातीला अडतं. सिनेमात तो एक ट्रूपर दाराला डोकं आपटतो ना, २००४ च्या डीव्हीडीत त्याला टणकन आवाजही घातलाय, लोक हसतात, मी हसत नाही. आणि १९७६ ला ट्युनिशियाच्या वाळवंटात शूटिंग केलंय या लोकांनी. पंख्याशिवाय.

झंप्या

मुख्य प्रश्न कुणीच विचारत नाहीये. शू?

थेम्सकाठची

आधी. आणि मग चहा नाही. आमच्याकडे नियम आहे तो.

बेसमेंटवाला

बसताही येत नाही झंप्या. मागचा भाग आणि मांड्या एकमेकांत अडकतात. बसायचं तर उंच स्टुलावर टेकायचं.

सिडनीचा_सुन्या

उशिरा आलो. मी ५०१ लीजनमध्ये आहे, स्टार वॉर्सचे पोशाख करणाऱ्या हौशी लोकांची संघटना, तिच्या स्थानिक गटात. १९९७ ला अॅल्बिन जॉन्सनने साउथ कॅरोलायनात सुरू केलं, आता जगभर आहे. नुसतं किट जोडून चालत नाही, त्यांची यादी असते, फोटो पाठवायचे समोरून, मागून, दोन्ही कडांनी, हेल्मेट काढून पण. दातांमधलं प्लॅस्टिक नीट कापून काढलंय का, गालावरच्या निळ्या रेघा, कपाळावरच्या राखाडी खुणा, कान डोक्याला टेकलाय का फट आहे. माझा डावा कान परत आला होता. वैताग आला तेव्हा, हे काय बारावीचं जर्नल आहे का. घासला कानशीने, पुन्हा बसवला.

पण एकदा पास झालात की मग मजा येते. आम्ही जास्त करून मुलांच्या हॉस्पिटलमध्ये जातो, वाढदिवसाला, निधी गोळा करायला. पैसे स्वतःसाठी घ्यायचे नाहीत. जॉन्सनची मुलगी केटी, तिला ब्रेन ट्यूमर होता, तिच्याजवळ बसायला एक आरटू, सिनेमातला तो छोटा रोबो, हवा असं तिच्या बहिणीने सुचवलं म्हणून गुलाबी रंगाचा रोबो बनवायला घेतला लोकांनी, आरटू-केटी. ती २००५ ला गेली. तो रोबो नंतर २०१५ च्या सिनेमातही क्षणभर दिसतो. मी ते आधी फक्त वाचलं होतं. मग एका वॉर्डात एक छोटी माझ्या हातावरच्या प्लॅस्टिकवर टकटक करून म्हणाली, आत कोण आहे? मला उत्तरच सुचेना, हेल्मेटचा माइक पण चालू होता, नुसता श्वास ऐकू गेला तिला. ती म्हणाली, ओके, झोपलाय.

ऋता_क

अरे काय हे सुन्या. ऑफिसात आहे मी.

पडद्यामागे

_/\_

नागपुरी_तडका

भावाला दाखवलं हे. म्हणतो एबीएसमध्ये छापतो आता. एबीएसला शंभराच्या वर जावं लागतं मऊ व्हायला म्हणे, नागपूर अजून तेवढं नाही.

शेंगदाणा

बेसमेंटवाला, प्रचि राहिले

बेसमेंटवाला

टाकतो रे, आधी अंगात बसतंय का बघू दे. पोटाची पट्टी काढून रुंद घालावी लागणार असं दिसतंय. जुने तुकडे अॅसिटोनमध्ये विरघळवून लुगदी करून ठेवलीय फटी बुजवायला. ४ मेला वेळ आहे अजून.

मधुमालती_काकू

पट्टी कशाला काढता, कडेला इलास्टिक घाला. पोट पुन्हा कमी झालं तर काय कराल.

थेम्सकाठची

काकू आशावादी आहेत.

झंप्या

@सव्वानऊची_लोकल हीट गन कुठली घेतलीस? मला पोराच्या गॅदरिंगसाठी रोबो करायचाय, आठवडा आहे हातात, विकत घ्यायची नाहीये.

सव्वानऊची_लोकल

माझी ने, पडून आहे. ठाण्याला असशील तर शुक्रवारी संध्याकाळी स्टेशनवर, गावदेवीच्या बाजूला. नोझल एकच आहे, दुसरं हरवलंय. आणि पाच मिमीचा अर्धा शीट उरलाय तो पण घेऊन जा, बायको रोज विचारते हे कधी जाणार म्हणून.

झंप्या

साडेसातला चालेल? फेविबॉन्ड मी आणतो.

सव्वानऊची_लोकल

पावणेआठ कर. गाडी कधीच वेळेवर नसते.