मदत हवी: वेल्डिंग मशीन चालवलं की एमसीबी पडते

देवगडवाला: घरी २०० अँपिअरचं वेल्डिंग मशीन आणलंय. थोडं काम झालं की एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडते. किती अँपिअरची टाकू? लवकर सांगा, गेटचं काम अर्धवट पडलंय.

पक्कड: मशीन इन्व्हर्टर (हलकं, इलेक्ट्रॉनिक) की जुनं ट्रान्सफॉर्मरवालं? जुन्यातली बरीच दोन फेजवर चालतात. आत्ताची एमसीबी किती? वायर किती चौरस एमएम? मीटरपासून जागा किती लांब? आणि पडते कधी, बटण दाबताच, रॉड टेकवताच की थोड्या वेळाने?

खारा वारा: एवढी चौकशी कशाला? ३२ ची टाक, विषय संपला.

पक्कड: एमसीबी वायर वाचवायला असते. भिंतीत अडीचची वायर असेल तर ३२ ची पडणार नाही, वायरच भाजेल.

काजूबोंडू: गेट एमएसचं (साध्या पोलादाचं) आहे का? आपल्याकडच्या हवेत जोडावरूनच गंज सुरू होतो. स्लॅग (जोडावरची कडक खपली) पूर्ण झाडून वायरब्रश मारा, त्याच दिवशी प्रायमर लावा.

देवगडवाला: गेटचं नाही विचारलं हो! इन्व्हर्टर आहे. १६ ची एमसीबी, अडीचची वायर, मीटरपासून तीसेक मीटर. ३.१५ एमएमचा रॉड, १२० अँपिअरवर. दोन रॉड झाले की पडते, कधी पडतही नाही. पंपाचीच लाईन आहे.

खारा वारा: पंपाची?! ह्या आदीच सांगूक व्हया होता मा!

पक्कड: आता हिशोब लागतो. १२० अँपिअरला आर्कवर साधारण २५ व्होल्ट, म्हणजे ३ किलोवॅट. कार्यक्षमता ८५ टक्के आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी खरंच कामी येणारा वाटा) ०.७ धरला तर २३० व्होल्टला २२ अँपिअर ओढणार. संध्याकाळी व्होल्टेज १९० वर आलं की २६. एक एचपीचा पंप त्यात सहाएक घालतो. १६ च्या एमसीबीवर दुप्पट भार, ती तापून पडणारच. पंप बंद असतो तेव्हा तग धरते.

आजचं काम: पंप बंद, २.५ चा रॉड, ७५ अँपिअर. १३ च्या आसपास ओढेल, चालेल.

कायमचं: मेन बोर्डपासून स्वतंत्र लाईन, ६ एमएम तांबं, ३२ ची सी कर्व्ह (सुरुवातीचा झटका सोसणारी) डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारी) एमसीबी, सोबत ४० अँपिअर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडते, शॉकपासून वाचवते). १६ चं पॉवर सॉकेट नको, त्याच्या पिना काळ्या पडतात. ३२ चं इंडस्ट्रियल तीन पिनी लाव. तीस मीटरला अडीचच्या वायरीत १० व्होल्ट जातात, सहाच्यात ४. यावर मशीन पूर्ण २०० ला नेऊ नकोस, तिथे ४० च्या वर ओढतं.

खारा वारा: म्हणजे ३२ च ना! मी काय वेगळं सांगितलं?

पक्कड: वायर सांगितली नव्हतीस.

तारमास्तर: अर्थिंग कुणी विचारलंच नाही. जांभ्यात नुसता रॉड ठोकून भागत नाही, खड्डा घेऊन कोळसा-मीठ भरा, उन्हाळ्यात पाणी घाला. वायरीच्या टोकांना लग (धातूची टोपी) दाबा. खाऱ्या हवेत उघडं तांबं हिरवं पडतं आणि तो जोड तापतो.

काजूबोंडू: सोलर बसवलं तर?

तारमास्तर: त्याचा वेगळा धागा काढा. देवगडवाले, बिलावरचा मंजूर भार बघा. कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर बारीक असेल तर घरात सहाची घालूनही व्होल्टेज पडेल.