‘शून्य अपघात’ बक्षीस बंद करायचंय, मग मोजायचं काय?

प्रेसशॉप_भोसरी:
भोसरी एमआयडीसीत पॉवर प्रेसचं (पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या मशीनचं) काम, कंत्राटी धरून 180 कामगार. महिनाभर अपघात नाही तर सगळ्यांना भेटवस्तू, अशी योजना चालू आहे. अपघाताचं रजिस्टर कोरं, पण प्रथमोपचार पेटीतल्या पट्ट्या भराभर संपतायत. मालकांना दर महिन्याला आकडा हवाच. कोणता द्यावा?

फॅक्टरी_हिशेब:
फ्रिक्वेन्सी रेट, म्हणजे अपघातांचा दर: काम बुडवणाऱ्या दुखापती गुणिले 10 लाख, भागिले प्रत्यक्ष कामाचे तास. तुमचे महिन्याचे तास 180 × 8 × 25 = 36,000. एक बोट गेलं की रेट 27.8, नाहीतर शून्य. एवढ्या कमी तासांवर महिन्याचा रेट काहीच सांगत नाही. दर महिन्याला मागच्या 12 महिन्यांचा सरकता रेट काढा: 4,32,000 तासांवर एका दुखापतीला 2.3. ओव्हरटाइम आणि कंत्राटी तास गेटच्या हजेरीवरून घ्या. पट्ट्यांचा खप आणि रजिस्टर दर महिन्याला शेजारी ठेवा, लपवाछपवी तिथेच उघडी पडते.

आणि हो, 48 तास कामावर येऊ न शकणाऱ्याची खबर ‘डिश’कडे (राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे) द्यावी लागते. बक्षीस टिकावं म्हणून जखमी माणसाला हजेरी लावून कॅन्टीनमध्ये बसवणं हा सरळ गुन्हा आहे.

डायसेटर:
प्रेसवर अपघाताच्या आधीचे आकडे मिळतात, ते मोजा. लाइट कर्टन (हात आत जाताच प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) डायपासून किती अंतरावर हवा हे प्रेस थांबायला लागणाऱ्या वेळेवर ठरतं. 14 मिमी रिझोल्यूशनचा (एवढी बारीक वस्तूही टिपणारा) कर्टन, थांबायला एकूण 0.2 सेकंद आणि हाताचा वेग सेकंदाला 2000 मिमी धरला तर 2000 × 0.2 = 400 मिमी. ब्रेक लायनर झिजून 0.25 झाले की 500 लागतात, कर्टन मात्र 400 वरच. हिरवा दिवा चालू, हात आत. म्हणून थांबण्याची वेळ मीटरने मोजून प्रत्येक प्रेसच्या कार्डावर लिहा.

पिन क्लचच्या जुन्या प्रेसवर कर्टन लावून पैसे घालवू नका, तो स्ट्रोक अर्ध्यात थांबतच नाही. तिथे 6 मिमीपेक्षा कमी फटीचं बंदिस्त गार्डच हवं.

हात बाहेर राहावेत म्हणून दोन हातांनी दाबायची बटणं असतात, त्यांपैकी एक चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं किती प्रेसवर सापडतं, तेही मोजा. दोन्ही बटणं 0.5 सेकंदात दाबली आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडली तरच चालेल, असा रिले बसवला की हा उद्योग बंद होतो.

प्रेसशॉप_भोसरी:
धन्यवाद. निअर मिस (थोडक्यात टळलेला अपघात) कळवणाऱ्या कार्डांवर बक्षीस ठेवू का? माणशी दोन?

फॅक्टरी_हिशेब:
कोटा नको. शेवटच्या शनिवारी ‘फरशीवर तेल’ अशी शंभर कार्डं येतील. सात दिवसांत किती कार्डांवर काम झालं ते मोजा, आणि ते सुपरवायझरच्या मूल्यमापनात धरा. बक्षीस द्यायचंच तर गार्ड किंवा फिक्श्चर (जॉब धरून ठेवणारी चौकट) सुधारणाऱ्याला, त्याच मशीनपाशी. पण पीस रेट (नगावर मजुरी) तसाच राहिला तर चिकटपट्टी परत येईल, हे मालकांना आधीच सांगा.