घरी जाऊन आईबापांना मदत केली तर मुलांचे हाल खरंच थांबतात का?

कुंपणावरची: आमची छोटी संस्था आहे, मारहाण झालेल्या मुलांचं समुपदेशन करतो. आता काहीजण म्हणतायत की मूल आपल्याकडे येईस्तोवर उशीर झालेला असतो, त्यापेक्षा गरोदरपणापासूनच घरी जायला सुरुवात करू. पैसा बेताचा आहे आणि मला वाटतं परकी बाई आली की लोक तोंडदेखलं गोड बोलणार, ती गेली की येरे माझ्या मागल्या. कुणी नीट तपासलंय का हे?

आकडेमोड: तपासलंय की. डेव्हिड ओल्ड्स या अमेरिकन संशोधकानी न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरात 1970 च्या दशकाच्या शेवटी 400 पहिलटकरणींवर प्रयोग सुरू केला, काहींच्या घरी गरोदरपणापासून मूल 2 वर्षांचं होईपर्यंत नर्स जायची. 1997 साली 15 वर्षांचा हिशेब छापून आला, त्यात या घरांतल्या मारहाण-हेळसांडीच्या नोंदी, नर्स न गेलेल्या घरांच्या तुलनेत, जवळपास निम्म्या होत्या. पण जिथे नवरा बायकोला सारखा मारायचा तिथे हा फायदा दिसलाच नाही, हे लोक सांगायचं विसरतात. आणि हवाईत असाच कार्यक्रम नर्सऐवजी थोडंफार ट्रेनिंग दिलेल्या कार्यकर्त्यांकडून केला तर फारसा फरक पडला नाही, घरातली मारहाण, व्यसन, आईचं नैराश्य त्यांच्या लक्षातच येत नव्हतं. तेव्हा पैसे कमी असतील तर घरं कमी घ्या, माणसं चांगली घ्या.

रातपाळी: मी या भेटी देते. उपदेश केला की दार बंद, हे पहिलं. त्यापेक्षा कामाचं काहीतरी द्या. बाळाचं रडणं पहिले काही आठवडे वाढतच जातं, दीड-दोन महिन्यांच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि मग कमी होतं, हे आधीच सांगून ठेवलं तर "माझंच काहीतरी चुकतंय" हे डोक्यातून जातं. डोकं फिरलं तर बाळाला सुरक्षित जागी पाठीवर झोपवून पाच मिनिटं बाहेर जा, पण गदागदा हलवायचं नाही म्हणजे नाही, मेंदूत रक्तस्राव होतो. आणि हे बापालाही सांगा!! आपण जातो तेव्हा तो नेमका घरी नसतो.

सरळसोट: सगळं खरं, पण निम्मी हेळसांड म्हणजे गरिबीच असते हो. मुलाला एकटं सोडून आई कामावर जाते कारण सांभाळायला कुणी नाही, तिला पालकत्वाचे धडे काय देताय? पाळणाघराची सोय बघा आधी.

कुंपणावरची: पटतंय. पण भेटीत वळ दिसला तर? तक्रार केली तर विश्वास गेला, नाही केली तर मूल गेलं.

रातपाळी: पहिल्याच भेटीत सांगून टाकायचं, मुलाच्या जिवाला धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही. बहुतेकजणी ऐकून घेतात. आणि अजून रांगतही नाही अशा बाळाच्या अंगावर वळ असेल तर थांबून विचार करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे, कारण त्या वयात बाळ आपलं आपण सहसा लागून घेत नाही.