ग्रँट डफ: फौजी नजरेचा फायदा की घोटाळा?

घाटमाथा
जेम्स ग्रँट डफ मुंबईच्या फौजेतला अधिकारी, १८१८ ते १८२२ साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनी सरकारचा प्रतिनिधी. १८२६ साली लंडनहून त्याचा मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत निघाला. त्याला झोडपणं सोपं आहे, पण चौथाईची, म्हणजे मुलखाच्या महसुलाच्या चौथ्या हिश्शाची, वाटणी समजून घ्यायची तर त्याच्याकडे जावंच लागतं. चौथाईचे १०० रुपये धरा. २५ बाबती छत्रपतींची, ७५ मोकासा, म्हणजे सरदारांकडचा वाटा. या ७५ मधून ६ साहोत्रा पंतसचिवांना, ३ नाडगौंडा छत्रपतींच्या मर्जीनं द्यायचा. सरदाराच्या हाती उरले ६६. महसुलावरचे सरदेशमुखीचे १० टक्के निराळेच. वसुलीशी रोज झगडणाराच हे इतकं स्वच्छ मांडू शकतो.

दप्तरी
आकडे मान्य. पण कागद आले कुणाकडून? भोर, औंध, फलटण, जत, अक्कलकोट इथल्या जहागिरदारांशी १८२० चे करार याच साहेबाच्या हातचे. ज्याच्या लेखणीवर जहागीर टिकायची, त्याच्यापुढे अडचणीचा कागद कोण ठेवेल? आणि मराठ्यांचा उदय म्हणजे काय, तर सह्याद्रीतल्या वाळल्या गवताचा वणवा! कारणमीमांसा तिथेच आटोपली. न्यायमूर्ती रानड्यांना १९०० साली आपल्या मराठ्यांच्या इतिहासावरच्या पुस्तकात त्याचंच उत्तर द्यावं लागलं.

घाटमाथा
वणव्याचं सोडून देतो, ते वाक्य वाईटच आहे.

शके१५५१
शिवजन्माचं साल त्यानं १६२७ दिलं म्हणून ओरड होते. पण जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची तिथीवार घटनांची नोंद, छापली गेली १९१६ ला, त्याला ती कुठून मिळणार? शिवाय तिथी इसवी सनात फिरवताना आजही लोक चुकतात. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. सरसकट ७८ मिळवले की १६२९ येतं. फाल्गुन जानेवारी उलटल्यावर येतो, म्हणून ७९ मिळवायचे: १९ फेब्रुवारी १६३०.

दप्तरी
शकावली नव्हती हे कबूल. पण उत्तरकालीन बखरींवर भिस्त ठेवली ती त्यानंच ना? तळटिपांत म्हणतो, नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवल्या आहेत. पुढच्या अभ्यासकांना त्या मिळाल्या नाहीत. मग पडताळायचं कशाशी?

घाटमाथा
तळटीप देणारा निदान पकडता तरी येतो. आणि कॅप्टन केपनच्या मराठी भाषांतरावरून भांडू नका, मूळ इंग्रजी उघडा.

दप्तरी
उघडलंय. पकडायला कागद हवा, तो द्या.