थंडीत उशिरा पडणारा गिअर

पहाटे ‘डी’ (पुढे जायचा गिअर) टाकल्यावर आपली जुनी ऑटोमॅटिक गाडी दोन-तीन सेकंद जागची हलत नाही, एवढ्यावरून गिअरबॉक्स उतरवण्याची घाई कृपया करू नका. धुळ्यात पारा ६ अंशांपर्यंत उतरतो तेव्हा गिअरबॉक्समधले तेल घट्ट होते, आणि जुनी रबरी सील कडक झालेली असल्याने आतल्या क्लचपर्यंत तेलाचा दाब पोहोचायला वेळ लागतो. वरचा गिअर उशिरा पडणे तर अनेक गाड्यांत, तेल तापेपर्यंत, मुद्दामच ठेवलेले असते. माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे तेल तपासायची पट्टी, पांढऱ्या फडक्यावर पुसली, तेव्हा लाल असायला हवे ते तेल काढ्यासारखे तपकिरी आणि करपट वासाचे निघाले. ते बदलल्यावर फरक पडला. गाडी तापल्यावरही गिअर घसरत असेल, तर मात्र ती आधी जाणकार मेकॅनिकला दाखवावी.