एकाच फॉर्मवर दोन सबमिट बटणे

प्रश्न: पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेतील अर्जाच्या फॉर्मवर ‘मसुदा जतन करा’ आणि ‘अर्ज पाठवा’ अशी दोन बटणे आहेत. कोणते दाबले गेले, हे सर्व्हरवर कसे ओळखावे?

उत्तर १: दोन्ही बटणांना ‘नेम’ (नाव) एकच आणि ‘व्हॅल्यू’ (मूल्य) वेगवेगळी द्यावी, ब्राउझर दाबलेल्या बटणाचीच जोडी पाठवतो, त्यामुळे पोस्टमधील, म्हणजे फॉर्ममधून सर्व्हरला आलेल्या माहितीतील, ती व्हॅल्यू तपासली की काम भागते. मसुद्याच्या बटणाला ‘फॉर्मनोव्हॅलिडेट’ (रकाने न तपासता फॉर्म पाठवू देणारा गुणधर्म) अवश्य लावावे, नाहीतर आवश्यक रकाने रिकामे असताना मसुदा जतनच होणार नाही.

उत्तर २: रकान्यात एंटर दाबल्यास एचटीएमएलमध्ये (पानाच्या कोडमध्ये) आधी आलेले सबमिट बटण दाबले गेले, असे ब्राउझर मानतो, म्हणून मसुद्याचे बटण आधी लिहावे, कारण अपुरा अर्ज चुकून जाणे अर्जदाराला फार महागात पडते.

प्रश्नकर्ता: धन्यवाद. जावास्क्रिप्ट कोडमधून ‘सबमिट’ या आज्ञेने फॉर्म पाठवला, तर मात्र बटणाची व्हॅल्यू पोहोचत नाही.

उत्तर १: त्याऐवजी ‘रिक्वेस्टसबमिट’ ही आज्ञा वापरून त्याला ते बटण द्यावे.